मुळं शिरतात ती जोडातून

घर-दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुन्या बंगल्यांच्या आणि बैठ्या घरांच्या ड्रेनेज लाईनमध्ये झाडांची मुळं शिरण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकात मिळवले आहेत.

आमचा बंगला 1968 सालचा आहे. दर उन्हाळ्यात तळमजल्यावरचा संडास तुंबतो. प्लंबर स्प्रिंग फिरवतो, मुळांचे झुपके बाहेर काढतो आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. कुंपणालगत मोठा उंबर आहे. शेजारचे म्हणतात, उंबर तोडल्याशिवाय सुटका नाही. तोडावा का? — वाचक, पुणे

तोडू नका. उंबर गेला तरी लाईन गळकी ती गळकीच राहील.

धड, बंद पाइपाला मूळ भोक पाडत नाही. मुळं जमिनीत सगळीकडे वाढत असतात आणि जिथे ओल, हवा आणि खत मिळेल तिथे त्यांना भराभर फाटे फुटतात. गळक्या जोडाभोवतीच्या मातीत या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. आत जातं ते आधी केसाएवढं मूळ. ते पाइपात पसरून त्याची जाळी होते आणि त्या जाळीत कागद, केस, तूपकट गाळ अडकत जातो. दरम्यान, जोडातला मुळाचा भाग जाड होत राहतो आणि फट रुंदावते. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं जाड होत जाणारी असल्याने ती शेवटी सॉकेटच, म्हणजे पाइपाचं रुंद तोंडच, फोडतात.

तुमच्या घराच्या काळात सर्रास चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे पाईप घालत. त्यांची लांबी बहुधा 60 सेंटिमीटर असते. म्हणजे 15 मीटरच्या लाईनमध्ये 25 पाईप आणि जवळपास तितकेच जोड. प्रत्येक जोडात डांबरात बुडवलेली सुतळी ठासून वर सिमेंट-वाळूचा मसाला भरलेला असतो. पाईप स्वतः शंभर वर्षं टिकेल, पण मसाला मात्र कडक आणि ठिसूळ असतो. जमीन जरा हलली की त्याला चीर जाते. पुणे, नगर, सोलापूर, नाशिक या पट्ट्यात काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे हे हलणं दर वर्षी होतं. लाईन उन्हाळ्यात तुंबण्याचं कारणही इथेच आहे : आजूबाजूची माती कोरडी पडली की मुळांना ओल फक्त या लाईनपाशीच उरते.

तोडण्याचे दोन तोटेही लक्षात घ्या. उंबर, वड, पिंपळ बुंध्यापासून तोडले तरी खोडाला आणि मुळांना पुन्हा फुटवे येतात. शिवाय काळ्या मातीतून रोज पाणी ओढून घेणारं मोठं झाड एकदम गेलं तर ती माती फुगते आणि जवळच्या भिंतींना तडे जाऊ शकतात. कायद्याचा भाग वेगळाच. शहरात आपल्या स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलासुद्धा 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं आणि त्याहून जुनी झाडं वारसा वृक्षांत मोडतात. तोडणं या शब्दात झाडाला इजा करणंही येतं, तेव्हा मुळं सरसकट छाटून झाड मारणं ही पळवाट नाही.

खर्च करायचा तो लाईनवर करा. कसा, ते पुढच्या उत्तरांत आहे.

संपूर्ण अंगण न खणता मुळं नेमकी कुठे शिरली आहेत ते कसं शोधायचं? — वाचक, सातारा

दोन चेंबर (लाईनवरचे झाकणाचे तपासणी-खड्डे), एक आरसा, एक बॅटरी आणि एक बांबूची पट्टी एवढ्यावर पुष्कळ कळतं. सकाळी, घरातला पाण्याचा वापर थांबवून हे करा.

दोन्ही चेंबरची झाकणं काढून दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवा आणि मगच वाका. आत साठलेला वायू निघून गेला पाहिजे. तोवर चेंबरच्या आतल्या भिंती बाहेरूनच पाहा. पाइपाभोवती विटांच्या फटीतून तपकिरी तंतू लोंबत असतील तर मुळांची वाट चेंबरमधूनच आहे आणि काम स्वस्तात होईल. हे फार वेळा आढळतं, आणि फार वेळा दुर्लक्षिलंही जातं.

मग एका चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी बॅटरी धरा आणि दुसऱ्या चेंबरमध्ये साधारण 45 अंशांत तिरपा आरसा धरून त्यात पाहा. पूर्ण गोल उजेड दिसला तर लाईन सरळ आणि मोकळी. खालचा भाग पाण्याने भरलेला आणि वर चंद्रकोरीएवढाच उजेड दिसला तर लाईन मध्ये कुठेतरी बसली आहे. वरून केसांसारखे झुपके लोंबताना दिसले तर ती मुळं. ती बहुतेक वेळा वरच्या अर्ध्या भागातून येतात, कारण पाइपाचा तळ भरलेला आणि वरची बाजू ओलसर पण हवेशीर असते.

जागा ठरवायला बांबूची पट्टी किंवा प्लंबरची स्प्रिंग अडेपर्यंत सरकवा, चेंबरच्या कडेशी तिच्यावर खूण करा, बाहेर काढा आणि जमिनीवर लाईनच्या वरून तेवढीच लांबी मांडा. टोक जिथे येईल तिथे अडथळा. पट्टी वाकते, म्हणून खुणेच्या दोन्ही बाजूंना फूटभर जागा धरा. दोन्ही चेंबरमधून असं मोजलं तर मुळांचा पट्टा किती लांब आहे तेही समजतं. दोन्ही खुणा हातभर अंतरात आल्या तर एखादाच जोड गेला आहे आणि खड्डा एक मीटरचा पुरतो. तीन-चार मीटरचा पट्टा निघाला तर डागडुजीत पैसे घालवू नका.

गळती आहे की नाही याची खात्री पाण्याने होते. खालच्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंड रबरी प्लगने किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या घट्ट बोळ्याने बंद करा. बोळ्याला दोरी बांधून ती बाहेर ठेवा. वरच्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंड जेमतेम बुडेल इतकंच पाणी भरा, म्हणजे चेंबरच्या भिंतीची गळती हिशेबात येत नाही. तासभर थांबा, कारण जुना मसाला आधी थोडं पाणी पितो. पुन्हा भरून खडूने रेघ मारा आणि अर्ध्या तासाने बघा. पातळी बोटभर उतरली तरी जोड गेले आहेत असं समजा.

मोठ्या शहरांत पाइपात कॅमेरा घालून देणारे मिळतात. बोलवायचं तर आधी मुळं कापून लाईन धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच झुपक्याशी कॅमेरा अडतो. चित्रफितीवर अंतराचा आकडा दिसला पाहिजे, हे आधी ठरवून घ्या. आकडा नसलेली फीत पाहून कुठे खणायचं ते कळत नाही.

तुंबलं की ऍसिड ओतलं जातं. काही जण मोरचूद (कॉपर सल्फेट) सुचवतात. यापैकी काय वापरावं? — वाचक, सांगली

ऍसिड मुळीच नको. मुळांना त्याने फारसं काही होत नाही, पण सिमेंटचा मसाला ते खातं. म्हणजे ज्या फटीतून मुळं आली ती फट आपणच मोठी करतो.

मोरचुदाने मुळं मरतात हे खरं. अडचण अशी की वाहत्या लाईनमध्ये तो पाण्याबरोबर तळातून निघून जातो आणि मुळं वरून लोंबत असतात. जिथे स्पर्श होतो तेवढंच टोक जळतं. घराला सेप्टिक टँक असेल तर मोरचूद टाकीतल्या जिवाणूंना मारतो आणि शोषखड्ड्यातून जमिनीत उतरतो. बिडाच्या पाइपालाही तो खातो. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर विचारही करू नका.

तात्पुरता उपाय कापण्याचाच आहे. 100 मिलिमीटरच्या लाईनमध्ये मशीनच्या स्प्रिंगला आधी लहान पातं लावावं, वाट मोकळी झाली की 75 मिलिमीटरचं. एकदम मोठं पातं घातलं तर ते झुपक्यात अडकतं आणि ओढताना फुटक्या सॉकेटची कड सोबत येते. खालच्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी जाळी लावायची, म्हणजे कापलेली मुळं पुढे जाऊन पालिकेच्या लाईनमध्ये बसत नाहीत. पाण्याच्या जेटने धुणं चांगलं, पण जुन्या चिनी मातीच्या लाईनवर दाब कमी ठेवायला सांगा. आधीच तडकलेला तुकडा जोराच्या फवाऱ्याने निखळतो आणि वरची माती आत येते.

कापलेलं मूळ पुन्हा फुटतं, तेही जास्त फाट्यांनी. म्हणून कापणं म्हणजे पाईप बदलेपर्यंत मिळवलेला वेळ, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

लाईन बदलायचं ठरवलं आहे. घरापासून शेवटच्या चेंबरपर्यंत 12 मीटर आहे, वाटेत आंबा आणि बकुळ आहेत. कोणता पाईप घ्यावा आणि गवंड्याकडून काय करून घ्यावं? — वाचक, नाशिक

पाईप विटकरी रंगाचा यूपीव्हीसी घ्या, ज्यावर आयएस 15328 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीच असतो. दुकानदार राखाडी एसडब्ल्यूआर पाईप देऊ करेल. तो आयएस 13592 चा, इमारतीच्या भिंतीवरून उतरवण्यासाठीचा. मातीचा भार घ्यायला तो केलेला नाही आणि काही वर्षांत अंडाकृती दबतो. बागेखालून जाणाऱ्या लाईनला एसएन 4 वर्ग (एसएन म्हणजे भाराखाली न दबण्याची ताकद) पुरतो, गाडी वरून जाणार असेल तर एसएन 8. एका घराला 110 मिलिमीटर व्यास चालतो. दोन-तीन कुटुंबांची लाईन एक होत असेल तर 160 घ्या. 3 मीटरचे चार पाईप, म्हणजे मध्ये तीनच जोड. तेवढ्याच अंतरात जुन्या लाईनमध्ये एकोणीस होते. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

रबर रिंगचा जोड की सॉल्व्हेंट सिमेंटचा, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या गोंदाचा? मुळांच्या टापूत आमचं मत सॉल्व्हेंटच्या बाजूने आहे. रिंग नीट बसली तर तीही मुळांना दाद देत नाही. पण पाईप तिरका ढकलला किंवा वंगण न लावता ठोकला तर रिंग एका बाजूने गुंडाळली जाते, आणि ते वरून दिसत नाही. सॉल्व्हेंट लावताना पाईप काटकोनात कापलेला हवा, कड कानसने मोडलेली हवी, दोन्ही बाजू कोरड्या पुसलेल्या हव्यात. लेप दोन्हींवर द्यायचा, खुणेपर्यंत सरळ ढकलायचं, अर्धा मिनिट दाबून धरायचं. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा.

ढाळ 110 च्या पाइपाला 1:40 ते 1:60 ठेवा. 12 मीटरला 1:40 म्हणजे 30 सेंटिमीटर उतार, 1:60 म्हणजे 20. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दोन्ही टोकं आणि मधला बिंदू तपासा. नुसत्या नजरेच्या अंदाजाने टाकलेल्या लाईनमध्ये एक तरी खळगा राहतो, तिथे गाळ बसतो.

चर 45 सेंटिमीटर रुंद. तळाला 10 सेंटिमीटर वाळू, पाइपाच्या बाजूंनी आणि वर 15 सेंटिमीटरपर्यंत पुन्हा वाळू, क्रश सँडही चालते. 12 मीटरला सुमारे 65 घनफूट लागते, पाऊण ब्रास (75 घनफूट) मागवली की पुरते. वर काळी माती परत लोटू नका, मुरूम भरून थराथराने धुमसा. मातीची फुगवट थेट पाइपावर येऊ नये यासाठी हे. पाइपावर बागेत निदान 45 सेंटिमीटर भर हवी. तेवढी खोली मिळत नसेल, किंवा झाडाच्या अगदी जवळून जावंच लागत असेल, तर त्या तुकड्याला चहूबाजूंनी 10 ते 15 सेंटिमीटर 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट करा. काँक्रीट ओतताना पाईप पाण्याने भरून ठेवा किंवा बांधून ठेवा, नाहीतर रिकामा पाईप वर उचलला जातो.

आता सगळ्यात जास्त वेळा चुकणारी जागा : पाईप चेंबरच्या भिंतीत शिरतो तिथे. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. वाळल्यावर भोवती कागदाएवढी फट पडते आणि नव्याकोऱ्या लाईनमध्ये मुळं पहिल्याच वर्षी तिथून येतात. उपाय अगदी सोपा आहे. भिंतीत जाणाऱ्या पाइपाच्या लांबीवर बाहेरून सॉल्व्हेंट सिमेंटचा जाड लेप द्या, ओला असतानाच त्यावर कोरडी चाळलेली वाळू भुरभुरवा आणि लेप सुकू द्या. हा खरखरीत भाग मग 1:2 मसाल्यात बसवा. मसाला भिंतीच्या पूर्ण जाडीत गेला पाहिजे, नुसता आतून लिंपून भागत नाही. चेंबरला आतून 1:3 चं प्लास्टर वॉटरप्रूफिंग घालून, शक्य असेल तर बाहेरूनही. सात दिवस पाणी मारा. तळाची वाट अर्धगोल आणि गुळगुळीत करून घ्या, तिच्या दोन्ही बाजूंना वाटेकडे उतार द्या.

जुन्या चिनी मातीच्या पाइपाला नवा पाईप जोडायची वेळ आली तर एकात एक खुपसून सिमेंट ठासू नका. स्टीलच्या पट्ट्यांनी आवळायचा रबरी कपलर मिळतो, तो वापरा. न मिळाल्यास त्या जागी छोटं चेंबर बांधा.

झाडांचं म्हणाल तर चर बुंध्याच्या व्यासाच्या पाचपट अंतराबाहेर ठेवा. छातीच्या उंचीवर बुंधा 40 सेंटिमीटर जाड असेल तर 2 मीटर. वाटेत मनगटाहून जाड मूळ आलं तर ते राहू द्या आणि त्याच्या खालून पाईप घ्या. बारीक मुळं करवतीने सफाईने कापा. कुदळीने तुटलेलं मूळ फाटतं, सडतं आणि कीड झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचते. उघडी मुळं ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ या कामाला उत्तम, चर कोसळत नाही आणि झाडालाही झळ बसत नाही.

जुनी लाईन जागेवरच सोडणार असाल तर दोन्ही तोंडं काँक्रीटने बंद करा. उंदीर-घुशींना ती आयती वाट होते.

अंगणात नवी फरशी घातली आहे, ती इतक्यात उखडायची नाही. झाड आणि लाईन यांच्या मध्ये भिंत घालून मुळं थांबतील का? — वाचक, कोल्हापूर

थांबणार नाहीत, पण त्यांची वाट लांबवता येते. एक ते दोन मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (कडक प्लास्टिकचा) पत्रा उभा पुरा. खोली लाईनच्या तळापेक्षा निदान 30 सेंटिमीटर जास्त हवी, म्हणजे लाईन 60 वर असेल तर पत्रा 90. वरची कड जमिनीच्या वर दोन बोटं ठेवा, नाहीतर मुळं पालापाचोळ्यातून वरून पलीकडे जातात. दोन तुकडे जोडताना फूटभर एकावर एक घेऊन वितळवून जोडा. झाडाच्या पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर तरी पत्रा न्या.

शहाबादी फरश्या उभ्या पुरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. दोन फरश्यांमधल्या सांध्यातून मुळं बिनदिक्कत जातात, तेव्हा तिच्यावर खर्च करू नका. आणि जोड आधीच गळत असतील तर पत्र्याअलीकडची मुळं आत आहेतच. एकदा कापून घ्या, दर तीन महिन्यांनी झाकण उघडून आरशाने बघा, आणि फरशी जेव्हा केव्हा उखडाल तेव्हा पाईप बदला.

आमच्याकडे जांभ्याचा शोषखड्डा आहे, शेजारी नारळ आणि सुपारी. नारळाची मुळं टाकी फोडतील का? — वाचक, रत्नागिरी

फोडणार नाहीत. नारळ-सुपारीची मुळं तंतुमय असतात, वडासारखी वर्षागणिक जाड होत नाहीत. पण ती जाळी करतात, आणि शोषखड्ड्याच्या चिऱ्यांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतात. मग खड्डा पाणी पीत नाही, टाकी भरून पाणी मागे येतं आणि दोष टाकीला लागतो. टाकी उपसूनही आठवड्याभरात पाणी पुन्हा काठाला आलं तर दोष खड्ड्याचा समजा.

खड्डा पुन्हा करायचा तर नारळापासून चार-पाच मीटर दूर घ्या. पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर. टाकी ते खड्डा हा पाईप सॉल्व्हेंट जोडाचाच ठेवा, पाणी झिरपायचं ते फक्त खड्ड्यात.

एक कळकळीची विनंती. मुळं काढायला किंवा गाळ उपसायला कोणालाही टाकीत उतरवू नका, अर्धी रिकामी असली तरीही. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि वाचवायला उतरणाराही जातो. 2013 च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे. उपसणारी गाडी बोलवा, मुळं वरून आकड्याने ओढा.

नव्या बागेत लाईनजवळ काय लावावं? — वाचक, डोंबिवली

लाईनच्या दोन मीटरच्या आत फक्त हिरवळ, तुळस, अबोली, गवती चहा, शेवंती अशी उथळ मुळांची झाडं. जास्वंद, कढीपत्ता, अनंत दोन-तीन मीटरवर चालतील. आंबा, बकुळ, कडुनिंब सहा मीटर. वड, पिंपळ, उंबर, रबराचं झाड, गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष छोट्या आवारात नकोतच. चेंबरच्या भिंतीत किंवा पावसाच्या पाइपाच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट उपटा आणि ती चीर त्याच दिवशी 1:3 मसाल्याने भरून घ्या.